फळीने चेंडू टोलवणे (शारीरिक शिक्षण)

फळीने चेंडू टोलवणे हे शारीरिक शिक्षणातील एक मूलभूत कारक कौशल्य आहे. आखूड दांड्याच्या सपाट फळीने चेंडू, फुगा किंवा बॅडमिंटनचे फूल यांना हवी ती दिशा आणि हवा तेवढा वेग देणे, असे त्याचे स्वरूप असते. टेबल टेनिस, बॅडमिंटन व टेनिस हे खेळ थेट या कौशल्यावर उभे आहेत. क्रिकेटमधील फलंदाजीचा पायाही काही अंशी यातच असतो. धावणे, उडी मारणे, फेकणे आणि झेलणे या कौशल्यांपेक्षा हे कौशल्य मुलांमध्ये उशिरा परिपक्व होते. मुलाला हलत्या वस्तूचा अंदाज घ्यावा लागतो आणि त्याच क्षणी हातापासून काही अंतरावर असलेल्या पृष्ठभागावर ताबा ठेवावा लागतो. या दोन्ही गोष्टी वयाबरोबर आपोआप येत नाहीत. त्यांना पुष्कळ सराव लागतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बहुतेक मुलांची या कौशल्याशी पहिली ओळख वर्गाच्या तासाला होत नाही. ती मैदानावरील क्रिकेटमध्ये किंवा विटीदांडूत होते. त्यामुळे ज्याला फलंदाजी मिळते तो शिकतो आणि ज्याला किंवा जिला ती मिळत नाही, ती मुले मागे राहतात.

संज्ञा

मराठीत क्रिकेटसाठी पूर्वी ‘चेंडूफळी’ हा शब्द लिहिला जात असे. त्यातील ‘फळी’ हा शब्द येथे लहान, रुंद आणि एका हाताने धरता येईल अशा साधनासाठी वापरला आहे. कपडे धुण्याच्या धोपटण्याचा आकार डोळ्यांसमोर आणला, तर शाळकरी फळीची कल्पना येते. फटक्याला ‘टोला’ आणि क्रियेला ‘टोलवणे’ हे शब्द विटीदांडूच्या परिभाषेतून आलेले असून मुलांच्या तोंडी ते आजही आहेत. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकी भाषेत याच क्रियेला ‘आघात करणे’ म्हटले जाते, पण वर्गात सूचना देण्यासाठी तो शब्द जड पडतो.

अमेरिकेतील जॉर्ज ग्रॅहम, शर्ली ॲन होल्ट-हेल आणि मेलिसा पार्कर यांच्या ‘चिल्ड्रन मूव्हिंग’ या पाठ्यपुस्तकात (पहिली आवृत्ती १९८०) फळी व रॅकेटने टोलवणे हा विषय लांब दांड्याच्या साधनांनी टोलवण्यापासून वेगळा मांडला आहे. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. क्रिकेटच्या बॅटची लांबी नियमानुसार ३८ इंचांपर्यंत असू शकते आणि बॅडमिंटनच्या रॅकेटची ६८० मिलिमीटरपर्यंत. टेबल टेनिसची प्रचलित बॅट मात्र साधारण वीतभर लांबीची असते. पृष्ठभाग तळहातापासून जितका दूर, तितकी हाताची लहानशी चूक टोकाला मोठी होते. म्हणून सहा वर्षांच्या मुलाच्या हाती आरंभीच मोठ्या माणसांची बॅट किंवा रॅकेट देणे म्हणजे कौशल्याची शेवटची पायरी पहिल्या दिवशी चढायला लावण्यासारखे आहे.

कौशल्याचे घटक

टोल्याचा परिणाम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: फळीच्या पृष्ठभागाचा कोन, चेंडूला स्पर्श होतो ती जागा आणि फळीचा वेग. पृष्ठभाग आकाशाकडे वळलेला असेल तर चेंडू वर जातो, जमिनीकडे झुकलेला असेल तर खाली आपटतो. फळीचे तोंड जिकडे, चेंडू तिकडे, एवढे एकच सूत्र पहिल्या काही तासांना पुरते. चेंडूच्या बुडाखाली स्पर्श झाला तर तो उडतो आणि मागील बाजूस झाला तर पुढे जातो, हे मुलांना सांगण्यापेक्षा करून पाहू देणे अधिक उपयुक्त ठरते.

वेळेचे गणितही येथे महत्त्वाचे आहे. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर पोहोचण्यास अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ, सुमारे ०.४५ सेकंद, घेतो. एवढ्या वेळात चेंडू पाहणे, फळी मागे नेणे आणि ती योग्य जागी आणणे हे नवख्या मुलाला शक्य होत नाही. फुगा मात्र हवेच्या विरोधामुळे तरंगत खाली येतो आणि मुलाला विचार करायला उसंत देतो. फुग्याचा खेळ हा लहानग्यांचे मन रमवण्याचा प्रकार समजला जातो, पण त्याचे खरे प्रयोजन वेळ मिळवून देणे हे आहे. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ साली सुरू केलेल्या ‘प्ले अँड स्टे’ मोहिमेचे तत्त्वही हेच होते. तीत मुलांसाठी लाल, केशरी आणि हिरवे असे चेंडू ठरवण्यात आले. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा अनुक्रमे सुमारे ७५, ५० आणि २५ टक्के संथ असतात. २०१२ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरण्यास मनाई करण्यात आली.

विकासाचे टप्पे

कारक विकासाचे अभ्यासक डेव्हिड गॅलाह्यू यांनी मूलभूत कौशल्यांच्या विकासाचे प्रारंभिक, प्राथमिक आणि परिपक्व असे तीन टप्पे मांडले. टोलवण्याच्या बाबतीत प्रारंभिक टप्प्यातील मूल चेंडूकडे छाती करून उभे राहते, पाय हलवत नाही आणि कोपरातून फळी वरून खाली, लाकूड तोडल्याप्रमाणे मारते. पुढच्या टप्प्यात ते थोडे आडवे वळते, फटक्याची रेषा तिरपी होते आणि वजन पुढच्या पायावर येऊ लागते. परिपक्व टोल्यात मूल लक्ष्याकडे खांद्याची बाजू करून उभे राहते, फळी आधीच मागे नेते, फळीच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकते, कंबर व खांदे क्रमाने फिरवते आणि स्पर्शानंतरही हात थांबवत नाही.

या कौशल्याचे निरीक्षण करण्यासाठी डेल उलरिच यांची स्थूल कारक विकास चाचणी अनेक देशांत वापरली जाते. ती प्रथम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, मुलाने स्वतः टप्पा पाडलेला चेंडू एका हाताने फळीने मारणे, या कृतीचा स्वतंत्र समावेश आहे. चेंडू किती दूर गेला हे त्यात मोजले जात नाही. टप्पा पडताना फळी मागे गेली का, विरुद्ध पाय पुढे पडला का, चेंडू समोरच्या भिंतीकडे गेला का आणि फळी पलीकडच्या खांद्याच्या दिशेने गेली का, एवढेच पाहिले जाते. शाळेच्या पटांगणावर कागद-पेन्सिल घेऊन कोणत्याही शिक्षकाला हे पाहता येते.

पारंपरिक खेळांशी संबंध

विटीदांडू हा टोलवण्याच्या कौशल्याचा अत्यंत अवघड प्रकार आहे. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलणे हा त्यातला सोपा भाग. पुढे विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू मारून ती हवेत उडवायची आणि खाली पडण्याआधी तिला टोला द्यायचा, यात एकापाठोपाठ दोन आघात असतात. दुसरा आघात हलत्या, लहान आणि फिरणाऱ्या वस्तूवर असतो. दांडू गोल असल्याने सपाट पृष्ठभागाचा आधारही मिळत नाही. विटीदांडू जमणाऱ्या मुलाला फळी अगदी सोपी वाटते. याच कारणाने विटीदांडू हा शिकवण्याच्या क्रमात आरंभी येत नाही आणि उडणाऱ्या विटीने डोळ्याला इजा होण्याचा धोकाही असतो.

बॅडमिंटनच्या इतिहासात पुण्याचे नाव येते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. वारा किंवा पाऊस असेल तेव्हा पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरला जाई. दक्षिण भारतात रुजलेल्या बॉल बॅडमिंटनमध्ये तो लोकरी चेंडू टिकून राहिला. शाळेच्या दृष्टीने हा तपशील उपयोगाचा आहे. कोकणात उघड्यावर हलके फूल वाऱ्याने भरकटते. लोकरीचा गोंडा किंवा चिंध्यांचा चेंडू त्या मानाने सरळ जातो.

रायगड जिल्ह्यात कबड्डीची परंपरा बळकट आहे. तिला साधन लागत नाही, फक्त मैदान लागते. साधन हाती घेऊन खेळायच्या खेळांत गावोगावी क्रिकेटचेच राज्य आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत आणि पटांगणांत टेनिसच्या चेंडूने सामने रंगतात.

ग्रामीण शाळेतील परिस्थिती

रोहा तालुक्यातील खांब हे मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यानचे गाव आहे. अशा गावांतील व आसपासच्या वाड्यांवरील लहान प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास बहुधा वर्गशिक्षकच घेतात. त्यामागे कायद्याची रचना आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांना आहे आणि तीही पटसंख्या १०० हून अधिक असेल तेव्हाच. म्हणजे टोलवण्याचे कौशल्य ज्या वयात घडते, त्या वयासाठी कायद्याने विशेष शिक्षक दिलेला नाही. याच अनुसूचीत प्रत्येक वर्गास आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य देण्याचे बंधन आहे. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. या रकमेत एक चांगला क्रिकेट संच येतो किंवा सगळ्या वर्गाला पुरतील इतक्या प्लायवूडच्या फळ्या करता येतात. निवड बहुतेकदा पहिल्या पर्यायाची होते.

बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला हे विषय एकत्र आणले आहेत. त्या मांडणीचा फायदा असा, की फळी तयार करणे हा कार्यानुभवाचा आणि ती वापरणे हा शारीरिक शिक्षणाचा पाठ होऊ शकतो.

पाऊस ही दुसरी अडचण. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातील पटांगण चिखलाचे असते आणि शाळेचे निम्मे सत्र वर्गात किंवा पडवीत काढावे लागते. धावण्याच्या खेळांना हा काळ निरुपयोगी असला, तरी फुगा किंवा चिंध्यांचा चेंडू फळीवर झेलण्यासाठी पडवी पुरेशी असते. या कौशल्याचे पहिले टप्पे पावसाळ्यात आणि भिंतीवरचा व जोडीतला सराव दिवाळीनंतर, अशी वार्षिक विभागणी या भागाला सोयीची आहे.

साधने

पहिली-दुसरीच्या मुलासाठी फळी एकूण एक फुटाच्या आसपास लांब, दांडा मुठीत मावेल इतका आखूड आणि वजन मनगट न वाकता पेलेल इतके असावे. जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर चिकटवून, पातळ प्लायवूड कापून किंवा वहीचे टणक पुठ्ठे पट्टीला बांधून अशी फळी करता येते. कडा घासून त्यांवर कापडी चिकटपट्टी लावावी. किनारपट्टीच्या गावांत मुले नारळाच्या झावळीच्या देठाचा रुंद भाग बॅट म्हणून वापरतात. तो हलका आणि फुकट मिळणारा असला तरी वाळल्यावर चिरतो, त्यामुळे वरचेवर बदलावा लागतो.

चेंडू निवडताना तो किती उसळतो यापेक्षा तो चुकल्यावर किती लांब जातो याचा विचार आधी करावा. रबरी चेंडू उतरत्या पटांगणावरून थेट रस्त्यावर किंवा पऱ्ह्यात जातो आणि तासाचा मोठा भाग तो आणण्यातच संपतो. चिंध्यांचा, लोकरीचा किंवा वर्तमानपत्राचा बोळा चिकटपट्टीने गुंडाळून केलेला चेंडू पडल्या जागीच राहतो. उसळी लागेल त्या टप्प्यावर स्पंजाचा किंवा वापरून मऊ झालेला टेनिसचा चेंडू घ्यावा.

अध्यापनाचा क्रम

आरंभ फळीशिवाय होतो. मुले तळहाताने फुगा वर ठेवतात, मग हाताच्या मागील बाजूने, मग आळीपाळीने. तळहात हीच पहिली फळी असते. हाताच्या दोन बाजूंचा अनुभव पुढे फळीच्या दोन बाजूंना लागू पडतो. त्यानंतर फळी हाती येते, पण चेंडू लगेच मारायचा नसतो. तो फळीवर ठेवून चालणे, बसणे, उठणे आणि सोबत्याच्या फळीवर सरकवणे यांतून पृष्ठभाग समतल ठेवण्याची सवय लागते. पकड हस्तांदोलन केल्यासारखी असावी. मुले बहुधा तव्याचा दांडा धरल्याप्रमाणे धरतात आणि वर टोलवण्यापुरते ते चालूनही जाते. पकडीवर पहिल्याच दिवशी फार वेळ घालवू नये.

यानंतरचा टप्पा स्थिर चेंडूचा आहे. आंब्याच्या फांदीला किंवा पडवीच्या वाशाला दोरी बांधून जुन्या मोज्यात घातलेला चेंडू मुलाच्या कमरेच्या उंचीवर लोंबकळत ठेवावा. चेंडू स्थिर असल्याने सारे लक्ष शरीराच्या वळणाकडे देता येते आणि तो आणायला धावावे लागत नाही. बांबूच्या खुंटावर करवंटी उपडी बसवून तिच्यावर चेंडू ठेवला तरी चालतो. विरुद्ध पाय पुढे टाकण्याची सवय याच टप्प्यावर लावणे सोपे असते. जमिनीवर खडूने पावलाची खूण काढली की तोंडी समजावण्याची गरज राहत नाही.

पुढे मूल स्वतः चेंडू सोडते, टप्पा पडू देते आणि वर येताना भिंतीकडे टोलवते. हा टप्पा सर्वांत जास्त वेळ मागतो. चुका बहुधा टोल्यात नसून सोडण्यात असतात. चेंडू पायाजवळ पडतो, हात आखडतो आणि फळी अंगाला चिकटते. चेंडू पुढच्या पावलाच्या रेषेत, हातभर दूर सोडायला शिकवले की निम्म्या अडचणी सुटतात. त्यानंतर सोबत्याने खालून हलकेच टाकलेला चेंडू, मग भिंतीवर सलग टोले, मग दोन मुलांमध्ये दोरी किंवा ओढणी बांधून तिच्यावरून चेंडू परतवणे असा क्रम येतो. जोडीच्या खेळात आरंभी गुण मोजायचे ते दोघांचे मिळून, म्हणजे चेंडू न पाडता एकत्र किती टोले झाले ते. समोरच्याला चुकवण्याचा खेळ नंतर येतो. आधी आणला तर पहिल्या टोल्यातच चेंडू निघून जातो आणि सराव होत नाही.

‘चिल्ड्रन मूव्हिंग’मध्ये पूर्वनियंत्रण, नियंत्रण, उपयोजन आणि प्रावीण्य अशा चार पातळ्या कल्पिल्या आहेत. त्यांचा इयत्तेशी संबंध नाही. चौथीतले मूल पूर्वनियंत्रणात असू शकते आणि घरी मोठ्या भावाबहिणींबरोबर खेळणारे दुसरीतले मूल त्याच्या पुढे असू शकते. म्हणून एकाच तासात काही मुले फुग्याशी, काही लोंबत्या चेंडूशी आणि काही भिंतीशी खेळत असणे हे बेशिस्तीचे लक्षण नाही. बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाने शाळांसाठी तयार केलेल्या ‘शटल टाइम’ या कार्यक्रमातील पाठही फुगे आणि सोप्या टोल्यांपासून सुरू होतात.

शिक्षकाची सूचना एका वेळी एकच आणि दोन-तीन शब्दांची असावी: ‘फळी मागे’, ‘बाजूला वळ’, ‘चेंडूवर डोळा’. जोरात मारायला सांगितले की मुलांचा हात मोकळा फिरतो. नेम धरायला सांगितले की हात आखडतो आणि नुसताच ढकलला जातो. म्हणून लहान मुलांना आधी मोठे लक्ष्य, म्हणजे संपूर्ण भिंत, द्यावे. डावखुऱ्या मुलांना उजव्या हाती फळी घ्यायला लावू नये. त्यांच्यासाठी पावलांच्या खुणा उलट काढाव्या लागतात, एवढाच फरक.

पाळीचा प्रश्न

तीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, एक बॅट आणि एक चेंडू अशी स्थिती घेतली आणि दर अर्ध्या मिनिटाला एक चेंडू टाकला गेला असे मानले, तर तासाभरात सत्तर चेंडू होतात. अगदी समान वाटणी केली तरी एका मुलाच्या वाट्याला जेमतेम दोन येतात. प्रत्यक्षात समान वाटणी होत नाही. ज्याला खेळता येते तो बाद होत नाही, तोच खेळत राहतो. ज्याला येत नाही तो पहिल्याच चेंडूवर बाद होऊन क्षेत्ररक्षणाला उभा राहतो. मुली अनेकदा कडेला बसून पाहतात आणि काही वर्षांनी त्यांना या खेळाची आवड नसते असा निष्कर्ष काढला जातो. त्याच तासात प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याची फळी आणि चिंध्यांचा चेंडू असेल, तर फक्त पंधरा मिनिटांच्या सरावात दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे एकेका मुलाचे १८० टोले होतात.

बाद झालेल्याने बाहेर बसायचे, हा नियम असलेले खेळ याच कारणाने शिकवण्याच्या तासाला अनुचित ठरतात. पाळीची वाट पाहणाऱ्या लांब रांगांचेही तसेच. साधने अपुरी असतील तर वर्गाचे तीन गट करून एकाला फळ्या, दुसऱ्याला फेक-झेल आणि तिसऱ्याला लगोरी द्यावी व दहा मिनिटांनी गट बदलावेत.

सुरक्षितता

प्रत्येक मुलाने फळी धरून हात चारही बाजूंना फिरवावा आणि कोणालाही स्पर्श होणार नाही अशी जागा पकडावी. अंगणात खडूने आखलेली वर्तुळे यासाठी पुरतात. शिट्टी झाली की फळी जमिनीवर ठेवायची, चेंडू दुसऱ्याच्या वर्तुळात गेला तर त्याचा टोला संपेपर्यंत थांबायचे, हे दोन नियम पहिल्याच तासाला पक्के करावेत. घामाने फळी निसटते, म्हणून दांड्याला मनगटात अडकवता येईल अशी नाडी बांधावी. भिंतीकडे टोलवताना सर्व मुले एकाच रेषेत आणि एकाच दिशेला तोंड करून उभी असावीत. डावखुरे मूल रेषेच्या टोकाला असले की शेजाऱ्याच्या फळीला फळी लागत नाही.

दृष्टी अधू असलेल्या मुलांसाठी चेंडूत घुंगरू घालता येते. चालण्यास अडचण असलेले मूल खुर्चीत बसून लोंबत्या चेंडूवर सराव करू शकते आणि तेथे त्याच्यात व इतरांत फारसा फरक उरत नाही.

मूल्यमापन

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धतीत शारीरिक शिक्षणासाठी आकारिक मूल्यमापनावर आणि वर्णनात्मक नोंदींवर भर आहे. प्रत्यक्षात ‘खेळात सहभागी होतो’, ‘खेळाची आवड आहे’ अशा ठरावीक नोंदी वर्षानुवर्षे उतरवल्या जातात. त्यांवरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच समजत नाही. टोलवण्याच्या कौशल्याची नोंद याहून नेमकी करता येते. उदाहरणार्थ: ‘लोंबता चेंडू दहापैकी आठ वेळा मारते, विरुद्ध पाय पुढे टाकते, स्वतः टप्पा पाडलेला चेंडू अजून अंगाजवळ सोडते’. जून आणि मार्चमध्ये अशा दोन नोंदी घेण्यास एका मुलामागे दोन-तीन मिनिटे लागतात. त्या घेताना मूल किती जोरात मारते हे लिहू नये. पालकांना दाखवण्यासाठीही दोन नोंदींमधील फरक पुरतो.